कोहळा कोणता आणि भोपळा कोणता?

गेल्या माघ महिन्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक रुग्णा आमच्या चिकित्सालयात आल्या, त्या दोन्ही हातांचे तळवे पुढे करूनच. तळवे हळद लावल्यासारखे पिवळे, तळपाय तसेच, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीतही पिवळेपणा. घरच्यांनी कावीळ ठरवून टाकली होती आणि तेल-तूप बंद करून उसाचा रस सुरू केला होता. आम्हीही प्रथमदर्शनी कामलेच्याच दिशेने विचार करू लागलो, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आरोग्यवर्धिनीचे नाव लेखणीच्या टोकावर आले होते. परंतु नेत्रपरीक्षण केले तेव्हा डोळ्यांतील श्वेतभाग स्वच्छ पांढरा आढळला. मूत्र प्राकृत वर्णाचे, मल प्राकृत, अरुची नाही, उत्क्लेश नाही, कंडू नाही. उलट भूक उत्तम. रक्तातील बिलिरुबिन तपासून घेतले, तेही प्राकृत. कामलेत पिवळेपणा नेत्रांत ठळकपणे दिसावा, आणि येथे नेमके नेत्रच तेवढे निर्लेप. तेव्हा कारण आहारात असले पाहिजे असे वाटून आम्ही चौकशी आरंभिली.

उत्तर ऐकून आम्ही ओशाळलो. बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच त लिहून देल्लं होतं, रोज कोहळं खा म्हणून.”

दोन महिन्यांपूर्वी त्या अम्लपित्तासाठी आल्या होत्या. आमच्या छापील पथ्यपत्रकात ‘पथ्यकर’ या रकान्यात ‘कोहळा’ हा शब्द आहे आणि त्याखाली आम्ही स्वहस्ते रेघ ओढली होती. बाई मूळच्या वर्धा जिल्ह्यातील. मुलाच्या नोकरीनिमित्त वर्षभरापूर्वी पुण्यास आलेल्या. त्यांच्या बोलीत कोहळे म्हणजे तांबडा भोपळा. त्यांची कन्या अमेरिकेत असते. तिने दूरध्वनीवरून रीत सांगितली : फळ मधोमध चिरावे, बिया काढाव्यात, गराला तूप चोळावे आणि ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत भाजावे. रात्रीचे धान्य बंद करून बाईंनी दोन महिने असे अर्धा-अर्धा किलो भाजलेले ‘कोहळे’ श्रद्धेने सेवन केले, त्यात हिवाळ्यातील गाजरांची भर पडली, आणि त्यातील पीतवर्ण द्रव्य त्वचेत साठले. आधुनिक वैद्यक या अवस्थेस कॅरोटिनीमिया म्हणते. ती निरुपद्रवी असते व आहार बदलल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. शरीर कॅरोटीनचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर गरजेपुरतेच करते, त्यामुळे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाची विषबाधा अशा आहाराने होत नाही. बाईंचे अम्लपित्त मात्र या काळात खरोखर कमी झाले होते. याचे श्रेय भोपळ्यास द्यावे की रात्रीची भजी-चिवडा सुटली त्यास द्यावे, हे आम्ही आजही ठरवू शकलेलो नाही.

हा प्रसंग येथे विस्ताराने मांडण्याचे कारण असे की, दोष रुग्णेचा नव्हता. दोष आमच्या शब्दाचा होता, आणि तो शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या पथ्यपत्रकांवर आजही तसाच छापलेला आहे.

ग्रंथोक्त कूष्माण्ड म्हणजे पांढरा कोहळा, वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत बेनिनकासा हिस्पिडा. पक्व फळावर राखेसारखा शुभ्र थर असतो, गर पांढरा आणि जलबहुल असतो. आग्र्याचा पेठा याचाच. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातही कूष्माण्ड म्हणून हेच फळ स्वीकारलेले आहे. सुश्रुतांनी व पुढे भावमिश्रांनी त्याचे बाल, मध्यम व पक्व असे अवस्थाभेद केले. बालफळ पित्तघ्न, मध्यम कफकर, तर पक्व फळ लघु, दीपन, बस्तिशोधन व मनोविकारांत हितकर, असा तो सूक्ष्म विचार आहे. एकाच फळाच्या तीन अवस्थांत इतका भेद पाहणाऱ्या आचार्यांच्या शास्त्रात आपण दोन भिन्न वंशांची फळे एका नावाखाली चालवून घ्यावीत, याचे आश्चर्य वाटते.

तांबडा भोपळा हा ‘कुकर्बिटा’ या वंशातील आणि हा वंश अमेरिका खंडाचा. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गुइला नाकित्झ नावाच्या गुहेत मिळालेल्या बियांवरून या वंशातील एका जातीची लागवड तेथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली होती असे पुराण-वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. मॅक्सिमा ही मोठ्या फळांची जाती दक्षिण अमेरिकेतील. १४९२ साली कोलंबस त्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी यांपैकी एकही फळ आपल्याकडे असण्याचा संभव नव्हता. म्हणजे चरक, सुश्रुत, वाग्भट आणि शार्ङ्गधर यांपैकी कोणीही तांबडा भोपळा पाहिलेला नाही. राहता राहिले भावमिश्र. त्यांच्या काळी पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले होते, फिरंगरोग आणि त्यावरील चोपचिनी त्यांच्या ग्रंथात आली आहे. तेव्हा त्यांच्या दृष्टीस हे फळ पडलेच नसेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तथापि त्यांनी वर्णिलेला कूष्माण्ड हा पूर्वाचार्यांचाच कूष्माण्ड आहे, हे गुणवर्णन पाहताच स्पष्ट होते. काही पाठ्यपुस्तकांत ‘कर्कारू’ हे नाव भोपळ्याशी जोडलेले आढळते. पण कर्कारू सुश्रुतसंहितेतही आहे, आणि सुश्रुतांच्या काळी भोपळा महासागरापलीकडे होता. ही जोडणी कालगणनेच्या पहिल्याच कसोटीवर टिकत नाही.

नवे फळ आले की लोक त्याला ओळखीच्या जुन्या फळाचे नाव देतात. मिऱ्यासारखी तिखट म्हणून अमेरिकेहून आलेल्या शेंगेचे नाव मिरची पडले. पण म्हणून कोणी औषधनिर्माता त्रिकटूत मरिचाऐवजी मिरची कुटून घालत नाही, आणि घातली तर आपण त्यास क्षमा करणार नाही. मग कूष्माण्डाच्या बाबतीत आपण इतके सैल का?

नावांचा घोळ केवळ विदर्भापुरता नाही. पुणे-सातारा भागात जो लाल किंवा तांबडा भोपळा, तो खान्देश-मराठवाड्यात डांगर, कोठे गंगाफळ, कोठे काशीफळ. डांगर म्हटले की आमच्या बाजूच्या गृहिणीस उडदाच्या पिठाचे डांगर आठवते आणि गुजराती माणसास भात! विदर्भात लाल तेच कोहळे, ‘कोहळ्याचे बोंड’ त्याचेच. पांढऱ्यास तेथे वेगळे विशेषण लावावे लागते. गोव्यात दुदी म्हणजे तांबडा भोपळा, तेव्हा गोव्याच्या रुग्णास ‘दुधीचा रस घ्या’ असे सांगणारा पुण्याचा वैद्य काय सांगून बसतो याचा विचार व्हावा. दिल्लीकडे भोपळ्यास सीताफळ म्हणतात. पूर्व उत्तर प्रदेश व बिहारातील कुम्हडा हा शब्द तर कूष्माण्डाचाच अपभ्रंश, पण दाखवला जातो तो बहुधा लाल भोपळा. या बाबतीत बंगाली लोकांचे कौतुक वाटते. त्यांनी ‘मिष्टि कुमडो’ आणि ‘चाल कुमडो’ अशी दोन निराळी विशेषणे लावून गोड लाल फळ आणि छपरावर चढणारे पांढरे फळ यांची सरमिसळ टाळली.

औषधालयांच्या चालकांना हा प्रश्न अधिक जवळचा वाटावा. शार्ङ्गधरांनी सदैव आर्द्र, म्हणजे ताज्याच वापरावयाच्या द्रव्यांत गुडूची, कुटज, वासा, शतावरी यांच्याबरोबर कूष्माण्डाची गणना केली आहे. त्यामुळे हे द्रव्य काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याकडून गोणीत येत नाही. ते भाजीबाजारातून येते आणि भाजीबाजारात चालते ते स्थानिक नाव. आमच्या परिचयातील एका लहान औषधनिर्मात्यांनी विदर्भातील आडत्यास दूरध्वनीवरून दोन क्विंटल कोहळ्यांची मागणी नोंदविली आणि दुसऱ्या दिवशी दारात लाल भोपळ्यांनी भरलेला टेम्पो उभा राहिला. पहिले फळ चिरणाऱ्या कामगाराने हटकले म्हणून ते वाचले. परंतु सोललेला, बिया काढलेला, चिरून ठेवलेला माल घेण्याची पद्धत जेथे असेल तेथे हटकणार कोण? रंग तरी ओळखू येईल असे कोणी म्हणेल. भोपळ्याच्या फिकट गराच्या जाती आहेत, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

यात पाकाचाही एक मुद्दा आहे. कूष्माण्डावलेहाच्या कृतीत स्वेदन करून पिळून घेतलेला गर ताम्रपात्रात तुपावर भाजावयाचा असतो आणि तो मधाच्या वर्णाचा झाला म्हणजे भर्जन पूर्ण झाले असे समजतात. पांढऱ्या गरास हा वर्ण अग्निसंस्काराने येतो, म्हणून ते लक्षण. जो गर मुळातच मधाच्या वर्णाचा आहे त्यास हे लक्षण लावणार कसे? असा गर कच्चा राहिला तरी ‘सिद्ध’ दिसेल. पुढे अवलेहास बुरशी का आली याचा शोध मग साखरेच्या चाचणीत आणि बरण्यांच्या झाकणांत घेत बसावे लागते. अनुसूची ‘टी’ २००० साली लागू झाल्यापासून कच्च्या द्रव्याची ओळख पटविणे व तिची नोंद ठेवणे हे उत्पादकाचे कर्तव्यच आहे. त्या नोंदवहीत ‘कोहळा’ असा एकच शब्द लिहून भागत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुसरी बाजू. तांबडा भोपळा कूष्माण्ड नव्हे एवढे सांगून थांबणे हा त्या फळावर अन्याय होईल. बाईंच्या तळव्यांनीच त्याची पोषणक्षमता आमच्यापुढे मांडली होती.

अमेरिकेत या वर्गातील फळांना ‘हिवाळी स्क्वॅश’ म्हणतात. हिवाळ्यात पिकतात म्हणून नव्हे, तर वेलीवर पूर्ण जून होऊन साल टणक झाल्यावर काढली की हिवाळाभर टिकतात म्हणून. कोवळेपणी खावयाची ती ‘उन्हाळी’, आपल्या बाजारात आलेली झुकिनी त्यांतलीच. आपला तांबडा भोपळा हिवाळी वर्गातला. तिकडे बटरनट, एकॉर्न, हबर्ड इत्यादी जाती चिरून भट्टीत भाजून खाण्याचा प्रघात आहे आणि त्या भाजलेल्या स्थितीतील पोषणाचे आकडे अमेरिकी कृषिखात्याने स्वतंत्रपणे दिले आहेत. सर्व हिवाळी जातींची सरासरी घेतली तर भाजलेल्या शंभर ग्रॅम गरात सुमारे ३७ किलोकॅलरी, ९ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि पावणेतीन ग्रॅम तंतू असतात. बटरनट या एका जातीचे आकडे पाहता ४० किलोकॅलरी, साडेदहा ग्रॅम पिष्टमय पदार्थ, २८४ मिलिग्रॅम पोटॅशियम, १५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि ५५८ मायक्रोग्रॅम रेटिनॉलइतके ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. भारतीय प्रौढ स्त्रीसाठी २०२० च्या शिफारशींनुसार ‘अ’ जीवनसत्त्वाची दैनंदिन मात्रा ८४० मायक्रोग्रॅम व पुरुषासाठी १००० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक मध्यम वाटी भाजलेला गर स्त्रीची निम्म्याहून अधिक गरज भागवितो. अर्धा किलो खाल्ला तर काय होईल ते वर सांगितलेच.

याच्या तुलनेत पांढरा कोहळा पाहा. त्यात शंभर ग्रॅमला ९६ ग्रॅम पाणी, १३ किलोकॅलरी, ३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि ‘अ’ जीवनसत्त्व शून्य. एक फळ पोषणाचे, दुसरे मुख्यतः शमनाचे. दोघांना एकमेकांच्या जागी बसविल्याने दोहोंचीही हानी होते. नक्तांध्याकडे झुकलेल्या कुपोषित बालकास पांढरा कोहळा देऊन ‘अ’ जीवनसत्त्व मिळणार नाही आणि रक्तपित्ताच्या रुग्णास भाजलेला भोपळा देऊन ग्रंथोक्त कूष्माण्डाचे फळ अपेक्षिता येणार नाही.

आकड्यांच्या बाबतीतही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेची जुनी कोष्टके आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही आहेत. त्यात भोपळ्याचे कॅरोटीन शंभर ग्रॅमला अवघे ५० मायक्रोग्रॅम दिलेले आहे. त्यावरून भोपळा हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने निरुपयोगी फळ असा समज अनेक वर्षे आहारतज्ज्ञांतही होता. फळे निरनिराळी, गराचा रंग निरनिराळा. एका आकड्यात सर्व भोपळे कोंबले की असेच होणार. २०१७ च्या भारतीय अन्नघटक कोष्टकात हिरवा लांबट भोपळा व नारिंगी गोल भोपळा वेगवेगळे नोंदविले आहेत, हे योग्यच झाले. तसेच, २००१ पूर्वीच्या पुस्तकांत सहा भाग बीटा कॅरोटीन म्हणजे एक भाग रेटिनॉल असे गुणोत्तर धरत. त्या वर्षी अमेरिकी वैद्यक संस्थेने ते बारास एक असे ठरविले. त्यामुळे जुन्या पुस्तकातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा आकडा नव्याशी ताडून पाहताना दुपटीचा फरक दिसला तर छपाईची चूक समजू नये. रुग्णास सांगावयाचे तर आम्ही इतकेच सांगतो : चिरल्यावर गर गर्द नारिंगी दिसला तर घ्यावा, फिकट असेल तर भाजी होईल, पण नेत्रांसाठी म्हणून घेऊ नये.

भाजण्याच्या संस्काराविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण चरकोक्त आहारविधीच्या आठ आयतनांत ‘करण’ म्हणजे संस्कार हे प्रकृतीच्या पाठोपाठच येते. उकडलेल्या भोपळ्यात शंभर ग्रॅमला जवळजवळ ९४ ग्रॅम पाणी आणि २० किलोकॅलरी असतात. भाजलेल्यात ८८-८९ ग्रॅम पाणी आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट कॅलरी. यातील काही भेद जातींचा, पण भाजताना पाणी उडून जाते आणि पोषक भाग घट्ट होतो, हेही तितकेच खरे. उकडलेले पाणी आपण टाकून देतो तेव्हा त्याबरोबर पोटॅशियम व ‘क’ जीवनसत्त्व जाते. भाजताना ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो, मात्र पाण्यावाटे काही वाहून जात नाही. कॅरोटीन त्या मानाने उष्णता सोसते आणि शिजल्याने पेशींची भिंत सैल झाली की ते अधिक सुलभतेने शोषिले जाते. मात्र ते स्नेहात विरघळणारे आहे. स्नेहावाचून खाल्लेला भोपळा आतड्यातून बराचसा तसाच निघून जातो. वर्ध्याच्या बाईंचे तळवे इतके पिवळे झाले त्यास त्यांनी चोळलेल्या तुपाचेही साहाय्य झाले असावे. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी या भाजण्यास ‘गृहस्थाचा पुटपाक’ म्हटले. उपमा गोड आहे, पण आम्ही ती स्वीकारीत नाही. पुटपाकात पानांच्या व मातीच्या लेपाआड द्रव्याचा रस राखावयाचा असतो. येथे रस उडून जाऊ द्यावयाचा असतो. याला अंगारावरील भर्जनाच्या जवळचा संस्कार म्हणावे.

घरोघरी ओव्हन आले, शहरांत तर हवेवर तळणारी यंत्रेही आली. त्यामुळे भाजलेला भोपळा आता केवळ परदेशस्थ कन्यांची रीत राहिलेला नाही. ‘वजन उतरविणारा’ म्हणून तो तरुण मंडळींत प्रिय होतो आहे आणि रुग्ण आपल्याला त्याविषयी विचारणारच. अशा वेळी ‘कोहळ्यासारखाच थंड असतो, खा’ हे उत्तर चुकीचे आहे. ग्रंथांत नाव नसलेल्या द्रव्यांचाही रसगुणांवरून विचार करण्याची मुभा शास्त्राने दिलेली आहेच. तिचा उपयोग करावा. आमच्या अनुभवात गोड जातीचा पक्व भोपळा मधुर रसाचा व गुरू आहे. उकडून लगदा केलेला पिच्छिल होतो व मंदाग्नीच्या रुग्णांत जडपणा आणतो. भाजलेला त्याहून हलका वाटतो, पण तुपाविना कोरडा खाल्ल्यास काहींना आध्मान होते. जिरे, सुंठ व थोडे तूप यांनी तो दोष जातो. आपल्या घरांतून दह्यात मोहरी फेसून केलेले भोपळ्याचे भरीत आणि गुळातले घारगे पूर्वापार आहेत. त्यांतही तेल, तूप वा दह्याचा स्नेह सोबत आहे, हे पाहून आजीबाईंच्या हाताचे कौतुक वाटते. ही आमची निरीक्षणे आहेत, सिद्धांत नव्हेत. दहा वैद्यांनी आपापल्या नोंदी दिल्या तर त्यांस काही वजन येईल.

प्रमेहाच्या रुग्णांबाबत मात्र ठाम बोलले पाहिजे. दोनशे ग्रॅम भाजलेल्या बटरनटमध्ये सुमारे एकवीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. भोपळ्याच्या रक्तशर्करा निर्देशांकाचे प्रसिद्ध आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नये. तो भाजीच्या खात्यात न मांडता धान्याच्या खात्यात मांडावा, म्हणजे भाकरी अर्धी कमी करून मग भोपळा. पांढऱ्या कोहळ्यास हा हिशेब लागत नाही, हे पुन्हा सांगणे नको. वृक्कविकाराच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे त्यांना भाजलेला भोपळा विचारल्यावाचून देऊ नये. अर्ध्या किलोत चौदाशे मिलिग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. आणि या वर्गातील कोणतेही फळ, मग तो दुधी असो की भोपळा, चवीला कडू लागले तर टाकून द्यावे. कडू दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधा आपणां सर्वांच्या स्मरणात आहेत आणि तो कडूपणा भाजल्याने जात नाही.

काही विक्रेते भोपळ्याच्या बिया ‘कूष्माण्डबीज’ या नावाने विकतात, असेही आढळले. बिया पौष्टिक आहेत, जस्त व मॅग्नेशियम त्यांत भरपूर आहे. भोपळ्याच्या बिया म्हणूनच विकल्या तरी त्यांना गिऱ्हाईक मिळते. खोट्या नावाची त्यांना गरज नाही.

आमच्यापुरते आम्ही पथ्यपत्रक बदलले आहे. त्यात आता ‘पांढरा कोहळा (पेठ्याचा)’ आणि ‘तांबडा भोपळा (डांगर, गंगाफळ, लाल कोहळे)’ अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत व प्रत्येकीपुढे चौकोन आहे. खूण केलेली ओळ तेवढी लागू. नव्या रुग्णास ‘तुमचे गाव कोणते’ हा प्रश्न आम्ही पूर्वी देशविचारासाठी विचारीत होतो, आता फळाच्या नावासाठीही विचारतो. संघाच्या सर्व सभासदांनी आपापल्या तालुक्यात या दोन फळांस काय म्हणतात ते संपादकांकडे पोस्टकार्डावर वा विद्युत्पत्राने कळविल्यास पुढील अंकात जिल्हावार तक्ता छापता येईल. तो तक्ता औषधालयांच्या खरेदी विभागात भिंतीवर लावण्याजोगा व्हावा, अशी आमची इच्छा आहे. कोकणातील व सीमाभागातील वैद्यबंधूंनी यात अवश्य लक्ष घालावे, तेथील नावे आमच्याकडे फारच तुटपुंजी आहेत.

बाईंना आम्ही औषध काहीच दिले नाही. भोपळा व गाजर थांबविले, तेल-तूप पूर्ववत सुरू केले, उसाचा रस बंद केला. चैत्र अखेरीस तळव्यांचा वर्ण निवळला. आठवड्यातून दोनदा वाटीभर भाजलेला तांबडा भोपळा आम्ही त्यांना खुशाल खाऊ दिला आणि अम्लपित्तासाठी बाजारातून पांढरा कोहळा आणवून त्यांना प्रत्यक्ष दाखविला. पुढच्या भेटीत तक्रार घेऊनच आल्या, “डॉक्टरसाहेब, हे तुमचं कोहळं भट्टीत ठेवलं त नुसतं पानीच सुटते.” त्यांना सांगितले, हा भाजावयाचा नाही, किसून त्याचा रस काढावा, नाही तर मुगाच्या डाळीत शिजवावा.